जलद सुरक्षित रोमिंग

जलद सुरक्षित रोमिंग ही बिनतारी स्थानिक जाळ्यातील, म्हणजे आजच्या व्यवहारात वाय-फाय जाळ्यातील, एक कार्यपद्धती आहे. एका ॲक्सेस पॉइंटच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाणाऱ्या उपकरणाची जोडणी नव्या ॲक्सेस पॉइंटकडे सोपवणे, आणि हे करताना चालू संवाद तुटू न देणे व एन्क्रिप्शनही सैल न करणे, हा तिचा हेतू होय. दूरध्वनीवरील संभाषण, व्हिडिओ कॉल, रुग्णालयातील निरीक्षण-यंत्रे, गोदामातील हातयंत्रे आणि धावत्या गाडीचे नियंत्रण अशा तत्काल प्रतिसादाच्या उपयोगांसाठी ती आवश्यक ठरते. या पद्धतीचे प्रमाणित रूप आयईईई या संस्थेने २००८ साली ८०२.११आर या दुरुस्तीद्वारे निश्चित केले.

नावातील 'जलद' आणि 'सुरक्षित' या दोन विशेषणांमध्ये मुळातच ओढाताण आहे. ओळख कसून पटवायची तर वेळ लागतो आणि वेळ वाचवायचा तर ओळख पटवण्याचे काम कोठेतरी कमी करावे लागते. या विषयाचा बराचसा इतिहास ही ओढाताण सोडवण्याच्या प्रयत्नांचा आहे.

संज्ञा

'रोमिंग' हा शब्द मराठी वाचकाला भ्रमणध्वनीच्या बिलामुळे परिचित आहे. तेथे त्याचा अर्थ आपल्या कंपनीच्या क्षेत्राबाहेर दुसऱ्या कंपनीची सेवा वापरणे असा होतो. वाय-फायच्या संदर्भात हा शब्द दोन निराळ्या अर्थांनी येतो. पहिला अर्थ वरच्या अर्थाजवळचा आहे, तो म्हणजे एका संस्थेच्या ओळखपत्रावर दुसऱ्या संस्थेचे जाळे वापरता येणे. शिक्षणसंस्थांसाठीची 'एज्युरोम' ही आंतरराष्ट्रीय सेवा याच अर्थाने रोमिंग पुरवते. भारतात ती एर्नेट इंडिया ही संस्था चालवते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत एकदा नोंदणी केल्यावर निरनिराळ्या केंद्रांचे वाय-फाय वापरता येते, तेही याच प्रकारचे. या लेखाचा विषय दुसरा अर्थ आहे: एकाच जाळ्यात, एकाच नावाच्या दोन ॲक्सेस पॉइंटांमधले स्थलांतर. पहिल्या प्रकारात प्रवेश मिळतो की नाही एवढेच पाहिले जाते, तर दुसऱ्यात प्रवेश किती मिलिसेकंदांत मिळतो हे पाहिले जाते. जाहिरातींत या दोन्ही गोष्टी 'अखंड रोमिंग' या एकाच नावाखाली येतात, त्यामुळे गैरसमज होतात.

विलंब कोठे होतो

भ्रमणध्वनीच्या जाळ्यात मनोरा बदलण्याचा निर्णय जाळे घेते. वाय-फायमध्ये तो निर्णय प्रायः उपकरणाचा असतो, आणि हा फरक मूलभूत आहे. सिग्नल किती क्षीण झाल्यावर नवा ॲक्सेस पॉइंट शोधायचा हे उपकरणाच्या निर्मात्याने ठरवलेले असते. उदाहरणार्थ, ॲपलच्या आयफोनमध्ये ही मर्यादा उणे ७० डीबीएम, तर त्याच कंपनीच्या मॅक संगणकांत उणे ७५ डीबीएम आहे. काही उपकरणे मात्र जवळ चांगला ॲक्सेस पॉइंट असतानाही क्षीण सिग्नलच्या जुन्या पॉइंटला चिकटून राहतात.

शोध सुरू झाल्यावर उपकरण एकेक चॅनल तपासते. ॲक्सेस पॉइंट सर्वसाधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या अस्तित्वाचा संदेश प्रसारित करतो. उपकरणाने नुसते ऐकत राहायचे ठरवले तर प्रत्येक चॅनलवर जवळजवळ एवढा वेळ थांबावे लागते. स्वतःहून विचारणा केल्यास काम लवकर होते. परंतु ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील जे चॅनल रडारही वापरते, तेथे अनेक देशांत आधी ऐकल्याशिवाय विचारणा करण्यास मुभा नाही. मेरीलँड विद्यापीठातील मिश्रा, शिन आणि आर्बो यांनी २००३ साली केलेल्या मोजमापांत स्थलांतराच्या एकूण वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ या शोधातच जातो असे आढळले. त्या मोजमापांत ओळख पडताळणीच्या आजच्या पायऱ्या नव्हत्या, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

शोधानंतर नव्या ॲक्सेस पॉइंटशी प्राथमिक परिचय व जोडणी होते. ते काही मिलिसेकंदांचे काम असते. खरा विलंब त्यापुढे होतो. कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये येथे प्रत्येक वापरकर्त्याची ओळख ८०२.१एक्स या पद्धतीने एका मध्यवर्ती सर्व्हरकडून पडताळली जाते. उपकरण आणि सर्व्हर यांच्यात प्रश्नोत्तरांच्या अनेक फेऱ्या होतात. प्रमाणपत्रे वापरली असतील तर आठ-दहा फेऱ्या सहज होतात. त्यानंतर उपकरण व ॲक्सेस पॉइंट यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होऊन त्या जोडणीपुरती एन्क्रिप्शनची किल्ली तयार होते.

हा सर्व्हर दूर असेल तर काय होते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे एखाद्या संस्थेची शाखा आहे आणि तिचा पडताळणी सर्व्हर मुंबईत आहे, असे समजू. दोन्ही ठिकाणांतील हवाई अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीच्या जाण्यायेण्यालाच किमान ६ मिलिसेकंद लागतात. दहा फेऱ्यांचे ६० मिलिसेकंद झाले. तंतू सरळ रेषेत टाकलेला नसतो, वाटेत राउटर असतात आणि सर्व्हरलाही गणिते करावी लागतात. म्हणून प्रत्यक्षातला आकडा याच्या कितीतरी पट, अनेकदा अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक असतो. बोलण्याची साधारण २० मिलिसेकंदांची एकेक पॅकेटे पाठवणाऱ्या दूरध्वनी-सेवेत स्थलांतर ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावे, असे सामान्यतः मानले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषणाचा एका बाजूचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत बहुतेक उपयोगांना चालतो, आणि त्यातला मोठा वाटा इतर कारणांनी आधीच खर्च झालेला असतो. सर्व्हर कितीही वेगवान घेतला तरी प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक स्थलांतराच्या वेळी दूरच्या सर्व्हरला विचारणे बंद करणे, हाच एक मार्ग उरतो.

इतिहास

पहिल्या पिढीतील वाय-फायमध्ये हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १९९०च्या दशकाअखेरच्या डब्ल्यूईपी या पद्धतीत सर्व ॲक्सेस पॉइंट व सर्व उपकरणे एकच सामायिक किल्ली वापरत, त्यामुळे स्थलांतरात नवी किल्ली ठरवावी लागत नसे. मात्र २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्या पद्धतीतील मूलभूत दोष दाखवून दिला आणि ती लवकरच मोडीत निघाली.

तिच्या जागी जून २००४ मध्ये ८०२.११आय हे सुरक्षेचे नवे मानक संमत झाले. डब्ल्यूपीए२ या नावाने ते सर्वत्र पोचले. त्याने प्रत्येक जोडणीला स्वतंत्र किल्ली दिली आणि स्थलांतराचा विलंब वाढवला. त्यावर उपाय म्हणून त्याच मानकात दोन सोयी ठेवल्या होत्या. एकीनुसार, उपकरण आधी ज्या ॲक्सेस पॉइंटकडे जाऊन आले असेल तेथे परतल्यास जुनी मुख्य किल्ली पुन्हा वापरता येई. दुसरीनुसार, सध्याच्या ॲक्सेस पॉइंटमार्फत शेजारच्याकडे पडताळणी आगाऊ उरकून घेता येई. पहिली सोय नव्या जागी निरुपयोगी होती, आणि दुसरीमुळे पडताळणी सर्व्हरवरचा भार शेजाऱ्यांच्या संख्येच्या पटीत वाढत असे.

याच सुमारास ॲक्सेस पॉइंटांनी आपसात माहिती देण्याघेण्याची ८०२.११एफ ही शिफारस २००३ मध्ये आली. ती फारशी रुजली नाही आणि २००६ मध्ये मागे घेण्यात आली. मधल्या पोकळीत कंपन्यांनी आपापले मार्ग काढले. सिस्कोने सीसीकेएम ही स्वतःची पद्धत आणली. इतर अनेकांनी 'ओकेसी' हा मार्ग धरला. त्यात एकाच नियंत्रकाखालील सर्व ॲक्सेस पॉइंटांना उपकरणाची तीच मुख्य किल्ली वाटली जाते. ओकेसी सोपी आहे व आजही वापरात आहे. पण एका ॲक्सेस पॉइंटमधून ती मुख्य किल्ली कोणाच्या हाती लागली तर तिच्या आधाराने साऱ्या जाळ्यात त्या उपकरणाची जोडणी धोक्यात येते. वेगासाठी येथे दिलेली किंमत हीच.

८०२.११आर ही दुरुस्ती मे २००८ मध्ये संमत झाली. शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांची माहिती देणारी ८०२.११के ही दुरुस्तीही त्याच वर्षीची, तर स्थलांतराची सूचना जाळ्याकडून देऊ शकणारी ८०२.११व्ही २०११ ची. तिन्ही पुढे २०१२ च्या एकत्रित मानकात समाविष्ट झाल्या. त्याच वर्षी वाय-फाय अलायन्सने यांवर आधारित 'व्हॉइस-एंटरप्राइज' हे प्रमाणन सुरू केले, आणि आयफोनमध्येही यांपैकी ८०२.११के व ८०२.११आर या सोयी त्याच वर्षीच्या आयओएस ६ पासून आल्या.

८०२.११आरची कार्यपद्धती

या दुरुस्तीचा गाभा किल्ल्यांच्या उतरंडीत आहे. आधीच्या पद्धतीत एक मुख्य किल्ली व तिच्यापासून बनलेली जोडणीची किल्ली, असे दोनच स्तर होते. येथे मध्ये एक स्तर वाढवला आहे.

उपकरण एखाद्या परिसरात प्रथम येते तेव्हा पूर्ण पडताळणी एकदा होते. तिच्यातून सर्वांत वरची किल्ली मिळते. तिला पीएमके-आर० म्हणतात, आणि ती एकाच ठिकाणी, बहुधा मध्यवर्ती नियंत्रकात किंवा पहिल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये, ठेवली जाते. तेथून बाहेर ती कधीच जात नाही. तिच्यापासून प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळी पीएमके-आर१ ही किल्ली तयार केली जाते. या गणितात त्या विशिष्ट ॲक्सेस पॉइंटची ओळख आणि उपकरणाचा पत्ता हे दोन्ही मिसळलेले असतात. त्यामुळे एका ॲक्सेस पॉइंटची किल्ली दुसऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि खालच्या किल्लीवरून वरची काढताही येत नाही. भिंतीवरचा एखादा ॲक्सेस पॉइंट कोणी उखडून नेला, तरी त्याच्या हाती केवळ त्या पॉइंटपुरत्या किल्ल्या लागतात. ओकेसीच्या तुलनेत ८०२.११आरचा खरा गुण हा आहे. केवळ वेगाच्या निकषावर पाहिल्यास दोघींत फार मोठे अंतर नाही.

ज्या ॲक्सेस पॉइंटांमध्ये असे जलद स्थलांतर शक्य आहे त्यांच्या समूहाला 'मोबिलिटी डोमेन' म्हणतात. समूहाचा दोन बाइटांचा क्रमांक प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपल्या प्रसारणात सांगत असतो. तो क्रमांक जुळला की उपकरणाला पूर्ण पडताळणी टाळता येते, हे कळते.

प्रत्यक्ष स्थलांतरात चारच संदेश लागतात. साध्या, एन्क्रिप्शनविरहित जोडणीलाही परिचयाची विनंती व उत्तर आणि जोडणीची विनंती व उत्तर एवढे संदेश लागतातच. ८०२.११आरने किल्ली ठरवण्यासाठी लागणारे यादृच्छिक आकडे आणि परस्परांकडे योग्य किल्ली असल्याचा पुरावा याच चार संदेशांत बसवला. वेगळ्या फेऱ्यांची गरज राहिली नाही. शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला नव्या शाळेत आधीच पोचलेला असावा आणि हजेरीपटावर नाव घालताना केवळ सही जुळवावी, तसे हे आहे.

हे संदेश दोन मार्गांनी जाऊ शकतात. उपकरण नव्या ॲक्सेस पॉइंटशी थेट हवेतून बोलू शकते, किंवा सध्याच्या ॲक्सेस पॉइंटमार्फत, पाठीमागच्या तारांच्या जाळ्यातून, परिचयाचे पहिले दोन संदेश आगाऊ पाठवू शकते. दुसऱ्या मार्गात जुना दुवा चालू असतानाच अर्धे काम होते. परंतु जुना सिग्नल अगदी तुटायला आला असेल तर तो मार्ग बेभरवशाचा ठरतो, म्हणून व्यवहारात पहिला मार्ग अधिक वापरला जातो.

आर० किल्ली ठेवणाऱ्याने आर१ किल्ल्या इतरांकडे नेमक्या कशा पोचवाव्यात, याचा तपशील मानकाने ठरवलेला नाही. परिणामी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ॲक्सेस पॉइंट एका मोबिलिटी डोमेनमध्ये नांदणे अवघड असते. 'मानक' म्हणवणाऱ्या दस्तऐवजात एवढी महत्त्वाची गोष्ट सोडून दिली जावी, हे खटकण्यासारखेच आहे. मुक्तस्रोत 'होस्टएपीडी' आणि त्यावर आधारलेले 'ओपनडब्ल्यूआरटी' यांत ही सोय उपलब्ध असल्याने लहान संस्थांना महागड्या नियंत्रकाशिवायही हा प्रयोग करता येतो.

शेजाऱ्यांची माहिती

किल्लीचा प्रश्न सुटला तरी शोधाचा वेळ उरतोच. ८०२.११के नुसार ॲक्सेस पॉइंट उपकरणाला जवळपासच्या ॲक्सेस पॉइंटांची व त्यांच्या चॅनलांची यादी देतो. मग दोन डझन चॅनल पालथे घालण्याऐवजी दोन-तीनच तपासावे लागतात. ८०२.११व्ही नुसार ॲक्सेस पॉइंट एक पाऊल पुढे जाऊन 'अमुक ठिकाणी जावे' असे सुचवू शकतो. ते ऐकायचे की नाही, हे मात्र उपकरणाच्या हाती राहते. या सूचना कोणी बनावट पाठवू नयेत यासाठी २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या दुरुस्तीतील संरक्षण आवश्यक असते. डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचे आहे.

सुरक्षेतील त्रुटी

ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे मॅथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी 'क्रॅक' या नावाने ओळखले जाणारे हल्ले जाहीर केले. त्यांतील बहुतेक उपकरणांवरचे होते, पण एक विशेषतः ८०२.११आर वापरणाऱ्या ॲक्सेस पॉइंटवर होता. जलद स्थलांतरातील जोडणीची विनंती हल्लेखोराने जशीच्या तशी पुन्हा पाठवली तर ॲक्सेस पॉइंट तीच किल्ली नव्याने बसवी आणि पॅकेटांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. क्रमांकांची पुनरावृत्ती झाली की एन्क्रिप्शनचा आधारच ढासळतो. पुनरावृत्ती ओळखण्याची तरतूद त्या संदेशांत नव्हती. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने हा दोष दूर होतो, परंतु तोवर ८०२.११आर बंद ठेवावे, असा सल्ला अनेक उत्पादकांना द्यावा लागला.

ऑगस्ट २०१८ मध्ये येन्स श्टॉयबे यांनी आणखी एक उणीव दाखवली. जुनी किल्ली ओळखता यावी म्हणून रोमिंगच्या सोयीसाठी ठेवलेले 'पीएमकेआयडी' हे चिन्ह अनेक राउटर कोणालाही देत. सामायिक पासवर्डच्या जाळ्यात त्या एका चिन्हावरून, कोणी वापरकर्ता जोडलेला नसतानाही, घरी बसून पासवर्डचे अंदाज पडताळता येतात. पासवर्ड लहान किंवा सोपा असेल तर तो अशा रीतीने सापडतो. डब्ल्यूपीए३ मधील एसएई पद्धतीत हा मार्ग बंद होतो. मात्र एसएईची गणिते जड असल्याने तेथे जलद स्थलांतराची गरज अधिक भासते.

भारतात व महाराष्ट्रात

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतका विस्तृत पट्टा घराबाहेरच्या वापरासह ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. रोमिंगच्या दृष्टीने हे दुसरे पाऊल महत्त्वाचे होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच मिळतात, त्यामुळे दाटीवाटीने ॲक्सेस पॉइंट बसवले तर ते परस्परांत व्यत्यय आणतात आणि स्थलांतराचा निर्णयच चुकतो.

सार्वजनिक वाय-फायचा महाराष्ट्रातील ठळक टप्पा म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी सुरू केलेली सेवा. तिचा विस्तार जून २०१८ पर्यंत देशातील ४०० स्थानकांवर झाला. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतल्यानंतरही रेलटेलने ती चालू ठेवली. ओटीपी टाकून प्रवेश देणाऱ्या खुल्या सार्वजनिक जाळ्यांत सर्वसाधारणपणे हवेतील दुव्याला किल्लीच नसते. तेथे फलाटाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाताना जोडणी झटकन बदलते खरी, पण या लेखातील अर्थाने ते रोमिंग सुरक्षित नव्हे.

वाय-फायवरून साधा फोन करण्याची सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. भ्रमणध्वनीचा सिग्नल घरात नीट न पोचणाऱ्या गावांत तिचा उपयोग विशेष होतो. या सोयीमुळे, तोवर मोठ्या कार्यालयांपुरता असलेला स्थलांतराचा प्रश्न दोन ॲक्सेस पॉइंट असलेल्या साध्या घरात आला. माजघरातून अंगणात जाताना तुटणारा आवाज हे त्याचे सर्वांच्या अनुभवाचे रूप.

मेट्रो रेल्वेत प्रश्न अधिक गंभीर असतो. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली नागपूर मेट्रो व मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली पुणे मेट्रो या दोन्हींचे गाडीनियंत्रण सीबीटीसी पद्धतीचे आहे. या पद्धतीत गाडी आपले स्थान रेडिओवरून सतत कळवते व पुढे जाण्याची मुभा मिळवते. जगातील अनेक मेट्रोंनी या रेडिओसाठी वाय-फाय तंत्रच वापरले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मार्गालगतचे ॲक्सेस पॉइंट अडीचशे मीटरांवर असतील तर सुमारे अकरा सेकंदांनी एक स्थलांतर होते. ते साधले नाही तर गाडी सुरक्षिततेसाठी स्वतःहून थांबते. म्हणून बऱ्याच ठिकाणी गाडीच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र रेडिओ असतात आणि एकाचे स्थलांतर चालू असताना दुसरा दुवा धरून ठेवतो. चीनमधील शेन्झेन येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रवाशांच्या खिशातील वाय-फाय हॉटस्पॉटांमुळे नियंत्रणाच्या रेडिओत व्यत्यय येऊन मेट्रोच्या गाड्या वाटेत थांबल्या होत्या.

मर्यादा

८०२.११आर केवळ दुव्याच्या पातळीवर काम करते. स्थलांतरानंतर उपकरणाचा आयपी पत्ता बदलत असेल तर किल्ली लवकर मिळूनही संभाषण तुटते. पत्ता टिकवण्याची व्यवस्था जाळ्याला निराळी करावी लागते.

सामायिक पासवर्डच्या डब्ल्यूपीए२ जाळ्यात दूरच्या सर्व्हरचा प्रश्नच नसतो आणि वाचतात ते जेमतेम काही मिलिसेकंद. अशा घरगुती जाळ्यांत ही सोय सुरू करण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. उलट काही जुनी उपकरणे ८०२.११आरची घोषणा करणाऱ्या जाळ्याला जोडलीच जात नाहीत, कारण तिच्यासाठी नेमलेले पडताळणीचे प्रकार-क्रमांक त्यांना अपरिचित असतात. जुने छपाईयंत्र, बिलाचे यंत्र किंवा बारकोड वाचणारी हातयंत्रे असलेल्या ठिकाणी ही अडचण हमखास येते. त्यावर जुना व नवा असे दोन्ही प्रकार एकाच वेळी जाहीर करणे, अथवा जुन्या उपकरणांसाठी वेगळ्या नावाचे जाळे ठेवणे, असे उपाय केले जातात.

ॲक्सेस पॉइंटांची मांडणी चुकीची असेल तर यांपैकी कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही. दोन क्षेत्रांची पुरेशी सरमिसळ नसल्यास उपकरणाला नवा दुवा सापडण्यापूर्वीच जुना संपतो, आणि जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत असे वरचेवर घडते. जुना दुवा न सोडता नव्यावर जाण्याची सोय वाय-फायमध्येच असावी, या दिशेने ८०२.११बीएन या आगामी मानकावर काम चालू आहे.